खऱ्या कळेची पेनल्टी

ज्या हंगामात कोल्हापूरचे फुटबॉलवाले खोटं रडायचं सोडून खरं रडायला लागले, त्या हंगामाची ही हकीकत. ऐकणाऱ्याला थाप वाटेल. वाटू दे. त्या काळी थापा मारणारे सगळे मैदानाच्या आत होते. बाहेर बसून बघणाऱ्यांच्या अंगात तेवढं कसब कुठलं!

इंद्रजित सरनाईक हे पंचगंगा लीगचे सगळ्यांत जुने पंच. वय पन्नाशीपलीकडं, पोट आत, मिशा बाहेर. तरुणपणी मागच्या फळीत खेळायचे. एकदा गळपट्टीचं हाड मोडलेलं असताना ते सामना संपेपर्यंत उभे राहिले होते, आणि हाड मोडलंय हे त्यांना घरी शर्ट काढताना कळलं. असल्या माणसाला जगात एकाच जातीचा तिटकारा असणार: पडणाऱ्यांचा.

आणि पडणारे तरी कसले! बाजूनं कुणी जोरात शिंकलं तरी गडी पेनल्टीच्या चौकटीत असा कोसळायचा, जणू पाठीत भाला घुसलाय. मग दोन-तीन कोलांट्या, गवतावर मुठी आपटणं, एका डोळ्यानं विव्हळणं आणि दुसऱ्या डोळ्यानं पंचाकडं बघणं. स्ट्रेचरवरनं बाहेर नेलं की मढं उठायचं, पाणी प्यायचं आणि तीरासारखं परत आत पळायचं. याला म्हणे खेळातली हुशारी. सरनाईक जवळ जाऊन हळूच म्हणायचे, "ऊठ लेका. अंत्ययात्रेला कोण येईना झालंय."

या हुशार मंडळींत सगळ्यांत हुशार होता पाणवेस तालमीच्या फुटबॉल संघाचा फॉरवर्ड शौर्य निकम. नाव बघा आणि धंदा बघा! हा सरनाईकांचा सख्खा भाचा. बहीण गेल्यावर त्यांनीच वाढवलेला. सायकल त्यांनी शिकवली, पोहायला त्यांनी शिकवलं, पहिले बूट त्यांनी आणले. पडायला मात्र तो आपला आपण शिकला.

अशा वेळी लीगमध्ये कळपट्टी आली.

कळपट्टी म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढा एक पातळ तुकडा. सामन्याआधी प्रत्येक खेळाडूच्या आणि पंचाच्याही मानेमागं, केसांच्या खाली चिकटवायचा, म्हणजे मैदानात कोण कुठं आहे हेही यंत्राला कळायचं. माणसाला लागतं तेव्हा मेंदूत एक ठराविक वादळ उठतं. पायाला लागो नाहीतर पाठीला, त्या वादळाची चाल सारखीच. पट्टी ते वादळ टिपायची आणि त्याची ताकद शंभरपैकी आकड्यात मैदानावरच्या मोठ्या फलकावर लावायची. खेळाडू पडला आणि आकडा साठाच्या वर गेला की फाउल, जवळच्या विरोधी खेळाडूच्या नावावर. गोलाच्या तोंडावर असेल तर पेनल्टी, आणि त्या विरोधकाला लाल कार्ड. आकडा तिसाच्या आत राहिला तर पडणाराच सोंगाडा, त्याला पिवळं. पंचानं फक्त शिट्टी मारायची. नाही मारली तर थोड्या वेळानं यंत्र आपणहून भोंगा वाजवायचं.

कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला होता. आयुष्यात त्यानं चेंडूला फक्त हात, तोही दुकानात, लावला असावा. सरनाईकांनी त्याला विचारलं, "धक्का लागला का न्हाई, हे कोण बघणार?"

"सर, कळ आहे म्हणजे धक्का आहेच," तो हसून म्हणाला. "धूर दिसला की आग बघायला कशाला जायचं?"

भाच्याच्या सामन्यात मामा पंच, यावर पूर्वी बोंब झाली असती. आता लीगचे सचिव मिलिंद बावडेकर म्हणाले, "निर्णय यंत्राचा, शिट्टी तुमची. नातं आडवं येतंय कुठं?" माणसाच्या प्रामाणिकपणाची गरज संपली, की त्याच्या अप्रामाणिकपणाचीही भीती उरत नाही, ही त्यातली मखलाशी.

पहिला हंगाम मात्र सरनाईकांना सणासारखा गेला. शौर्य पहिल्याच सामन्यात चौकटीत लोळला, पोट धरून किंचाळला, आणि फलकावर आकडा लागला: तीन. तीन! डास चावला तरी सात यायचा. सरनाईकांनी पिवळं कार्ड इतक्या मायेनं काढलं, की जणू भाच्याच्या हातावर पेढा ठेवताहेत. गॅलरीतनं आवाज आला, "बाळा, पोट दुखतंय का भूक लागलीया रं?" हंगाम संपेपर्यंत पडणारे सगळे उभे राहायला शिकले. चिंचगल्ली तालमीचा बॅक दिगंबर चौगुले तर म्हणाला, "पंच, आता मैदानात माणसं दिसाय लागली ओ. आधी नुसती सतरंजी हातरल्यागत असायची."

पण हरामखोरीला देवानं विश्रांती दिलेली नाही. दुसऱ्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात शौर्य चेंडू घेऊन चौकटीत शिरला. बॅकच्या बुटाचं टोक त्याच्या नडगीला चाटून गेलं. मांजर शेपूट लावून जातं तेवढंच. शौर्य खाली गेला. कोलांटी नाही, मुठी नाहीत, पंचाकडं बघणं नाही. तो नुसता गोळा होऊन पडला आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, की सरनाईकांच्या अंगावर काटा आला. फलकावर आकडा: ब्याऐंशी.

पेनल्टी. पुढच्या सामन्यात परत. त्याच्या पुढच्या सामन्यात पाणवेशीचे तिघंजण तसेच पडले. सगळे खरे. डोळ्यांत पाणी खरं, ओठ पांढरे पडलेले खरे, आकडे खरे. फक्त लागलेलं खोटं.

आणि चिंचगल्लीविरुद्ध पाणवेशीच्या एका दांडगटानं दिगंबरच्या घोट्यावर दोन्ही पायांनी उडी घेतली तेव्हा उलटंच झालं. दिगंबर पडला, दात खाऊन उठायला लागला. आकडा: चौदा. भर लढाईत मेंदू कळेला सांगतो, जरा थांब, आत्ता वेळ नाही. सरनाईकांच्या गळपट्टीच्या हाडाला मेंदूनं हेच सांगितलं होतं. यंत्राला मात्र एवढंच दिसलं, की माणूस पडलाय आणि दुखत नाहीये. भोंगा वाजला. नारळाएवढा सुजत चाललेला घोटा समोर, आणि त्या माणसाला सोंगाबद्दल पिवळं कार्ड दाखवायचं!

"दावा, दावा पंच, लाजू नका," दिगंबर म्हणाला. "माझा मेंदू मंदच हाय. आमचं गणिताचं मास्तरबी हेच म्हणायचं."

सरनाईकांनी कार्ड दाखवलं. हात खाली घेताना ते त्यांना घोरपडीसारखं चिकटल्यागत वाटलं. सामना संपल्यावर ते तडक भाच्याच्या घरी गेले.

दार शौर्यच्या बायकोनं, गार्गीनं उघडलं. आत शौर्य सोफ्याच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना उशा रचून बसला होता, अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडं असावं तसा. त्यांची वर्षाची लेक ईरा जमिनीवर रांगत होती. बापाला बघून ती खिदळली आणि त्याच्या पायाकडं निघाली. शौर्यनं पाय वर ओढून घेतले, साप दिसल्यागत.

"गार्गी, उचल तिला! उचल म्हणतोय ना!"

गार्गीनं पोरीला उचललं आणि सरनाईकांकडं बघितलं. "बघा मामा. आधी नडगी होती. मग गुडघा झाला. आता अंगावरची चादरबी टोचतीया म्हणतात. परवा ईरानं मांडीवर बसून पाय झाडले तर हे ढसाढसा रडले. लेकीच्या लाथंनं!"

"होईल सवय," शौर्य म्हणाला.

"कशाची सवय, लेका? काय केलंयस तू?"

शौर्यनं सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा पहिला नंबर आल्यागत फुलला होता. पाणवेस तालमीच्या मागच्या खोलीत रावसाहेब वस्तादांनी क्लास काढला होता. डोळे बांधायचे. नडगीवर मऊ ब्रश फिरवायचा आणि त्याच क्षणी तिथंच विजेचा झटका द्यायचा. ब्रश, झटका. ब्रश, झटका. रोज, महिनोन्महिने. मग हळूच झटका बंद करायचा. नुसता ब्रश फिरला तरी कळ तीच.

यात जादू काही नव्हती. कळ पायात नसतेच मुळी. ती मेंदू तयार करतो. पायाकडनं फक्त निरोप येतो, आणि निरोप वाचण्याआधीच मेंदू अंदाज बांधून मोकळा झालेला असतो, की आता किती दुखणार. अंदाज पक्का शिकवला, की निरोपाला कोण विचारतो? पुण्याच्या शहाण्यांनी यंत्र खोटं बोलणार नाही याची सगळी काळजी घेतली होती. मेंदूच खोटं बोलायला शिकेल, तेही मनापासून, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. ते आलं वस्तादांच्या डोक्यात. शंभर वर्षं ज्या तालमीनं पोरांना सोसायला शिकवलं, ती तालीम आता पोरांना दुखायला शिकवत होती, आणि भिंतीवरचे जुने पैलवान फोटोतनं ते बघत होते.

"खोटं काय हाय त्यात, मामा?" शौर्य म्हणाला. "खरंच दुखतंय मला. तुम्हीच म्हणायचा न्हवं, सोंग करू नको. आता करत न्हाई."

 सोंगाला सरनाईक शिव्या देऊ शकत होते. असल्या खरेपणाला कुठली शिवी द्यायची?

"आणि फायनल जिंकली की गोव्याचा क्लब घेतोय मला," शौर्य पुढं म्हणाला. "त्यांना माझे आकडेच आवडलेत. वस्ताद म्हणालेत, जायच्या आधी पाठ आणि हातबी तयार करून देतो. मग कुठंबी धक्का लागू दे."

गार्गी पुटपुटली, "मग ह्यांना चितेवरच हात लावायचा, असं झालं." ती सरनाईकांना दारापर्यंत सोडायला आली. "मामा, एकच सांगते. ही फायनल ते जिंकले, तर मला नवरा न्हाई आणि ईराला बाप न्हाई. हरले तर गोवा जाईल, वस्ताद हाकलून देतील, शिव्या घालतील मला. घालू देत. घरात तरी राहतील. तुमच्या हातात शिट्टी हाय."

"शिट्टी हाय, पोरी," सरनाईक म्हणाले. "पण फुंकर दुसऱ्याची हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सचिव बावडेकरांना सगळं सांगितलं. बावडेकरांनी काजू तोंडात टाकत ऐकलं. "सरनाईक, गडी दुखून घेतो हा गुन्हा आहे का? नियमात दाखवा. आणि पेनल्ट्या वाढल्यापासनं गॅलरी भरतीया. लोकांना रडणं बघायला आवडतं हो. घरोघरी मालिका उगीच बघत्यात?"

फायनलला पाणवेस आणि चिंचगल्ली. गॅलरीत मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. पिपाण्या, हलगी, एकमेकांच्या पेठेतल्या सात पिढ्यांचा जाहीर उद्धार, सगळं रीतीप्रमाणं. गार्गी लेकीला कडेवर घेऊन मैदानाच्या दाराशी उभी होती. सामना बरोबरीत अडकला. चिंचगल्लीनं एक शहाणपणा केला होता: शौर्यच्या हातभर अंतरात कुणी जायचंच नाही. त्यामुळं तो एकटाच पळत होता, महारोग्यासारखा वाळीत टाकलेला.

शेवटच्या मिनिटाला त्याला मोकळा चेंडू मिळाला. समोर फक्त दिगंबर, घोट्याला पट्टा बांधलेला, आणि त्याच्या मागं गोलकीपर. शौर्य चौकटीत घुसला. दिगंबरनं पाय टाकला, आणि मग, ऐन वेळी, मागं घेतला. सरनाईक तीन पावलांवर होते. दोन पायांच्या मधनं पलीकडचं गवत त्यांना स्वच्छ दिसलं. धक्का नाही, स्पर्श नाही, वारासुद्धा नाही. पण पाय येताना शौर्यला दिसला होता, आणि त्याच्या मेंदूला आता तेवढं पुरे होतं. तो आरोळी ठोकून कोसळला.

फलक: एक्याण्णव.

"शिट्टी! शिट्टी!" अर्धी गॅलरी उठली. सरनाईकांनी शिट्टी तोंडात धरली, काढली, आणि दोन्ही हात पुढं करून म्हणाले, "खेळा."

यंत्र आल्यापासनं त्या हातांकडं कुणी बघितलं नव्हतं. आताही कुणी बघितलं नाही. भोंगा वाजला. पेनल्टी. दिगंबरला लाल कार्ड.

"मी लावलाबी न्हाई ओ," दिगंबर म्हणाला.

"मला ठाऊक हाय."

"मग झालं तर." आणि तो लंगडत गेला.

पाणवेस तालमीची जुनी चाल होती: ज्यानं पेनल्टी मिळवली, त्यानंच ती मारायची. दुसऱ्यानं मारली तर तालमीला अपयश येतं. शौर्य डोळे पुसत ठिपक्यावर उभा राहिला. हंगामाच्या सुरुवातीला नुसती नडगी दुखायची, तेव्हा त्यानं पेनल्ट्या मारल्याही होत्या; आता कळ बोटांपर्यंत उतरली होती. धावताना चेंडू पायाला लागायचा तेव्हा मेंदू कामात असायचा. कळेकडं बघायला त्याला सवड नसायची. इथं सवडच सवड होती. समोर चेंडू, बोटांवर बूट, सगळं मैदान चिडीचूप, आणि आता पायाला काहीतरी लागणार हे पक्कं ठाऊक. शौर्य धावला, त्याचा बूट चेंडूला लागला, आणि तो पाय धरून खाली बसला. चेंडू वीतभर सरकला.

फलक: ब्याण्णव. यंत्रानं इमानदारीनं हिशेब केला: खेळाडू पडला, कळ खरी, बाकीची चिंचगल्ली भिऊन पार लांब सरकलेली, म्हणून सगळ्यांत जवळचा विरोधक गोलकीपर. भोंगा. गोलकीपरला लाल कार्ड, पेनल्टी परत.

गोलकीपर आपल्या रेषेवर उभा होता, बारा पावलांवर. त्यानं मागं वळून बघितलं, दुसरा कोण आहे का म्हणून.

चिंचगल्लीच्या एका बॅकनं त्याचे हातमोजे घातले. शौर्य परत उठला, परत धावला, परत कोसळला. भोंगा. तोही बॅक बाहेर.

आता गॅलरीला उमगलं. आणि वस्तादांना गॅलरीच्या आधी उमगलं. संघात सातापेक्षा कमी गडी उरले की सामना दुसऱ्याला बहाल, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. गोल मारायची गरजच काय? "मार बाळ, मार!" रेषेबाहेरनं ते नाचत ओरडले. "नेम धरू नको! नुसता पाय लाव!" पाणवेशीची गॅलरी तालावर टाळ्या पिटायला लागली. बावडेकर पाहुण्यांना सांगत होते, असला सामना जगात कुठं झाला नाही. तेवढं मात्र खरं बोलले. हजारो माणसं, अंगावर पेठेचे रंग, तोंडात पेठेची अब्रू, आणि एका पोराला चेंडूवर पाय आपटून घ्यायला लावून हलगी वाजवताहेत!

शौर्य गुडघ्यावर रांगत ठिपक्याकडं निघाला होता. चेहरा राखेसारखा, नाकातनं पाणी. दाराशी गार्गीनं लेकीचे डोळे झाकले.

यंत्राला एक अधिकार कुणी दिला नव्हता. फाउल, कार्ड, पेनल्टी सगळं त्याचं. पण सामना मोडायचा हक्क अजून माणसाकडंच राहिला होता. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं तो काढून घ्यायचं. सरनाईकांनी चेंडू उचलला, काखेत मारला आणि शिट्टी तीनदा वाजवली. लांब, दम संपेपर्यंत.

"सामना रद्द. निकाल न्हाई. घरला जावा सगळी."

क्षणभर हलगी थांबली. मग चपला आल्या, बाटल्या आल्या, बहीण गेलेल्या माणसाला तिच्यावरनं शिव्या आल्या. बावडेकर माईकवर ओरडले, "सरनाईक, तुमचा बिल्ला गेला म्हणून समजा!" वस्तादांनी फेटा काढून जमिनीवर आपटला. सरनाईकांनी तिकडं बघितलंही नाही. चेंडू टाकून ते भाच्यापाशी वाकले. हंगामभराचा तिरस्कार गिळून ते मऊ आवाजात म्हणाले, "चल बाळा. संपलं."

शौर्यनं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, कळ होती, आणि त्या सगळ्याच्या वर तरंगत होता संताप.

"मामा," तो हुंदका देत म्हणाला, "काय केलासा हे? दोघंच घालवायची राहिली होती!"

 तोंडापर्यंत आलेली थुंकी सरनाईकांनी बाजूला थुंकली. मग त्यांनी त्याच्या काखेत एक हात घातला, गुडघ्याखाली दुसरा, आणि पोतं उचलावं तसं त्याला खांद्यावर टाकलं. अंगाला अंग लागलं. शौर्यनं जो टाहो फोडला, तो म्हणे नदीपलीकडच्या वडणग्यात ऐकू गेला.

फलकावर आकडा चढला: अठ्ठ्याण्णव. यंत्राची बुद्धी ती. सामना मोडलाय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं कळ मोजली, जवळचा माणूस शोधला, आणि भोंगा वाजवून फलकावर लाल कार्ड झळकवलं. नावापुढं लिहिलं: पंच, इं. सरनाईक.

 पंचाला लाल कार्ड कुणी बघितलं नव्हतं.

सरनाईकांनी मान वर करून फलकाकडं बघितलं. लाल कार्ड मिळालेल्यानं मैदानात थांबायचं नसतं. यंत्राचा हा एकच निर्णय त्यांना मनापासून पटला. ओरडणाऱ्या, लाथा झाडणाऱ्या भाच्याला तसाच खांद्यावर घेऊन ते नियमाप्रमाणं, सरळ, गार्गी उभी होती त्या दाराकडं चालायला लागले.